बारा तारखेचं बसणं

देवाच्या टाकांना हात लावण्याआधी बाईनं खरं बोलावं, असा गुंडाच्या घराण्याचा नेम होता; आणि गुंडाची सून सोनाली गेले सात महिने खोटं बसत होती.

बसणं म्हणजे जिन्याखाली बसणं. जुळे सोलापुरात घर बांधताना गुंडानं हॉलला पीओपी केलं, गावाकडचं बहुतेक सगळं सोडलं, मेंढरांचा वाडासुद्धा विजापूर रोडच्या पलीकडं भावाच्या रानात ठेवला. पण जिन्याखाली सहा बाय चारची खोली काढायला काही तो विसरला नाही. घरातल्या बाईची पाळी आली की तीन दिवस तिचं ताट, तांब्या आणि घोंगडं तिथं. घोंगडंच, कारण लोकरीला विटाळ लागत नाही, हे मेंढक्याच्या घरात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं.

तर दर महिन्याच्या बारा तारखेला सोनाली उठायची, अंगावर टिपूससुद्धा गेलेलं नसताना "मी बाजूला हाय" असं सासूला सांगायची आणि घोंगडं घेऊन जिन्याखाली जायची. कोरे पॅड पेपरात गुंडाळून घंटागाडीत टाकायची, म्हणजे कुणी लक्ष ठेवलंच तर संशय नको. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायची आणि टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायची. जुलैपासून जानेवारीपर्यंत एक महिना चुकवला नाही तिनं.

हे सोंग तिनं हौसेनं घेतलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच पाळी दोन-दोन महिने लांबायला लागली. जबड्यावर पुरळ उठलं, हनुवटीला राठ केस आले, डोक्यावरचे मात्र मुठीनं जायला लागले. मानेमागं काळा पट्टा धरला, तो मळ समजून सासू गंगम्मा न्हाताना वजरीनं घासायची आणि "नीट आंगूळ करत जा की" म्हणायची. शेवटी एका बाई डॉक्टरांकडं सोनोग्राफी झाली. हार्मोन्सचा तोल बिघडलाय, बीजकोशात बी तयार होतंय पण सुटत नाही, घाबरण्यासारखं काही नाही, गोळ्या घ्यायच्या, रोज चालायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्यांनी पाळी महिन्याच्या महिन्याला यायलाही लागली होती. पण तिसऱ्या महिन्यात रिकामी पट्टी गंगम्माच्या हाती लागली. तिनं ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दाखवली आणि दुकानदार म्हणाला, ह्या तर लेकरू नको असणाऱ्या बायका घेतात. त्याचं खोटं नव्हतं, अर्धं होतं एवढंच.

त्या दुपारी घरात जे बोलणं झालं, ते सोनालीला आजही आठवायला नको वाटायचं. गंगम्मा अक्कलकोटकडची, रागावली की निम्मं कानडीत बोलायची. त्या दिवशी तिनं सगळं मराठीत बोलून घेतलं, सुनेला एकही शब्द कळायचा राहू नये म्हणून. सोनालीचा नवरा कुमार भिंतीकडं बघत बसून राहिला. सोनालीनं उरलेल्या गोळ्या गटारीत टाकल्या. मग एकदा पाळी लांबली तर गंगम्मानं आनंदानं भावकीत फोन फिरवले, आणि दीड महिन्यानं डाग दिसल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. तेव्हा गुंडाचा थोरला चुलतभाऊ बिराप्पा चहा पिता पिता बोलला होता, की गुंडा, कुमारचं दुसरं बघू या का कुटं. हसत बोलला, पण बोलला. पाळी आली नाही तरी संकट, आली तरी संकट. तेव्हापासून सोनालीनं कॅलेंडरच्या बारा तारखेला आपलं म्हटलं होतं.

टाक भावकीतल्या पाच घरांत फिरायचे. यंदा ते गुंडाकडं होते. माघातल्या त्या रविवारी सकाळपासून हॉलमध्ये माणसं मावत नव्हती, सतरंजीवर पुरुष, आतल्या खोलीत बायका, आणि देव्हाऱ्यापुढं घोंगड्याच्या घडीवर बिरोबाचे चांदीचे पाच टाक. ते पितळी परातीत ठेवून मेंढीच्या दुधानं धुवायचे, आणि धुताना ती परात घराच्या धाकट्या सुनेनं दोन्ही हातांवर तोलून धरायची. पाचही घरच्या कर्त्या पुरुषांचं दूध घालून होईपर्यंत परात खाली टेकवायची नाही. धाकटी सून म्हणजे सोनाली.

पण त्याच्याआधी आत्याचा प्रश्न होता.

आत्या म्हणजे गुंडाची थोरली बहीण तानाबाई. साठी ओलांडलेली, काटक, मेंढरामागं उभा जन्म चाललेली. तीन वर्षं नांदून माहेरी आली ती चाळीस वर्षं झाली, परत गेली नाही. लेकरू झालं न्हाय म्हणून सोडली, एवढंच घरात सांगत. उन्हाळा असो पावसाळा असो, तिच्या डोक्यावर पदर घट्ट आणि पदराच्या आत फडकं बांधलेलं; तिचं उघडं डोकं कुणी पाहिलेलं नव्हतं. हनुवटीवर पाच-सहा राठ पांढरे केस होते. भावकीतली पोरं तिला पाठीमागं बोकड म्हणायची, आणि तिला ते ऐकू यायचं. सोनाली तिच्याकडं सरळ बघतच नसे. बाथरूमला कडी लावून, शिलाईच्या दोऱ्याचं एक टोक दातात धरून हनुवटीचे केस काढताना आरशात तिला आपला चेहरा कमी आणि आत्याचा जास्त दिसायचा. आपणही साठीला अशाच होणार आणि अशाच कुणाच्या तरी दारात पडून राहणार, ह्या विचारानं ती दोरा आणखी घट्ट ओढायची.

घरातल्या सगळ्या बायकांचे दिवस आत्याला तोंडपाठ. टाक काढायच्या दिवशी ती एकेकीला पुढं बोलावून विचारायची आणि उत्तर दिलं की कपाळाला भंडारा लावायचा. तीच शपथ.

"सोनाली, कवा बसली हुतीस?"

"बारा तारखेला, आत्या."

आत्यानं भंडाऱ्याची वाटी पुढं केली नाही. ती तिच्या तोंडाकडं बघत राहिली. सोनालीला वाटलं, हनुवटीवर केस राहिला की काय, आणि तिनं नकळत पदर ओढून घेतला.

"ह्या म्हैन्यात बी बाराच?"

"व्हय."

"बरं," आत्या म्हणाली आणि वाटी पुढं केली. भंडारा लावताना थोडी हळद सोनालीच्या नाकावर सांडली. ती मनात म्हणाली, देवा, खोटं तर खोटं, पण मी विटाळात नाही. एवढं तरी खरं आहे. ह्याच एका गोष्टीवर तिचा सगळा धीर होता.

पुढं पुरुषांत बिराप्पाची नेहमीची गोष्ट सुरू झाली. टाक काढायच्या दिवशी तो ती सांगितल्याशिवाय राहत नसे. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या घरी टाक होते आणि त्याच्या सुनेनं विटाळ लपवून परात धरली, तर आठ दिवसांत चाळीस कोकरं तडफडून मेली. संध्याकाळी चरून आलेली कोकरं सकाळी पाय ताठ करून पडलेली, असं तो हातानं दाखवायचा. त्या सुनेला त्यानं त्याच आठवड्यात माहेरी नेऊन सोडलं. तिचं पुढं काय झालं हे त्या गोष्टीत कधीच नसे. विचारायचंही कुणाला सुचलेलं नव्हतं.

सोनालीनं परात उचलली तेव्हा अकरा वाजले असतील. पहिलं दूध बिराप्पानं घातलं. दुसऱ्या घरचा माणूस तांब्या घेऊन पुढं आला, आणि तेवढ्यात तिच्या ओटीपोटात खालच्या खाली काहीतरी तुटल्यासारखं झालं. कळ नव्हती. नुसतं ऊन ऊन, भरभर, मांडीवरून खाली.

आधी तिला कळलंच नाही. सात महिन्यांत शरीर ते विसरून गेलं होतं. मग कळलं. थांब, ती मनात म्हणाली, देवाला म्हणाली की शरीराला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. अर्धा तास थांब फक्त. पाय एकमेकांना घट्ट लावून ती उभी राहिली. दुसरं दूध झालं. तिसऱ्याला बिराप्पा काहीतरी सांगायला लागला, सगळे हसले, तांब्या हवेतच राहिला. खाली गाठीच्या गाठी पडत होत्या. परकर भिजून मांडीला चिकटला होता. हातातल्या परातीत दूध हिंदकळत होतं आणि दुधात बिरोबाचे डोळे तिच्याकडं बघत होते.

परात ठेवली तर सगळे विचारणार, का ठेवली. धरून ठेवली तर कोकरं मरणार. आणि बारा तारखेला बसलेल्या बाईला पंचवीस तारखेला हे कसं आलं, असं कुणीतरी बोट मोजून विचारणारच. ती बारावी शिकली होती, कोकरांची गोष्ट खोटी आहे असं रोज तिला वाटायचं. पण परात हातात असताना वाटेना. चाळीस कोकरं पाय ताठ करून पडलेली तिला स्पष्ट दिसली, आणि त्यांच्या शेजारी आपली कापडाची पिशवी घेऊन माहेरच्या एसटीत बसलेली ती स्वतः.

तिसऱ्यानं दूध घातलं. घोट्यावरून काहीतरी ओघळलं. तिनं खाली पाहिलं नाही, पण देव्हाऱ्याच्या बाजूला बसलेल्या आत्यानं पाहिलं. पांढऱ्या फरशीवर, सोनालीच्या डाव्या टाचेपाशी, रुपयाएवढा डाग.

आत्या उठली. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, रोजच्यासारखी. खांद्यावरचं काळं घोंगडं तिनं झटकलं आणि मागून येऊन सोनालीच्या खांद्यापासून टाचेपर्यंत लपेटलं. मग पुढं झाली आणि तिच्या हातातली परात स्वतःच्या हातावर घेतली. चाळीस वर्षांत आत्यानं त्या परातीला हात लावला नव्हता. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तो मानच नव्हता.

"आक्का, हे काय करतीस?" गुंडा म्हणाला.

"पोरीला भवळ आलीया. गंगम्मा, तिला आत ने." आणि बिराप्पाकडं न बघता तिनं चौथ्याला म्हटलं, "घाल बाबा दूध. देव थांबलाय."

जिन्याखालच्या खोलीचं दार लावलं आणि गंगम्मानं घोंगडं बाजूला केलं. बघून ती खालीच बसली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. गंगम्माच्या मनात पहिली गोष्ट आली ती कुठल्याही सासूच्या येईल तीच.

"कितवा म्हैना हुता?" तिनं विचारलं. "मला सांगायचं न्हाय का गं? परातीचं वजन उचललंस, म्हणून पडलं."

सोनालीला त्या क्षणी हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर सगळे तिच्याभोवती गोळा झाले असते, रडले असते, तिला जपलं असतं. गर्भ पडलेली सून ही घरात वाईट गोष्ट नसते, निदान गर्भ राहतो एवढं तरी ठरतं. उत्तर अगदी जिभेवर होतं. पण खोलीच्या भिंती गरागरा फिरत होत्या आणि तिला वाटलं, आपण आता मरणार. मग मरताना आणखी एक खोटं कशाला.

"काय पडलं न्हाय, आई," ती म्हणाली. "काय नव्हतंच. सात महिने मला पाळी आलीच न्हाय."

"मग बारा तारखेला?"

"खोटं."

गंगम्मानं तिच्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. देवाच्या घरात सात महिने, ती कानडीत पुटपुटली, आणि तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. तिला राग आला असता तर सोनालीला सोसलं असतं. ती घाबरली होती, आणि घाबरलेली सासू सोनालीनं कधी पाहिली नव्हती.

दार ढकलून आत्या आत आली. पाचवं दूध घालून झालं होतं. तिच्या मनगटावरून दूध ओघळत होतं. तिनं सोनालीच्या पापण्या ओढून आतला रंग बघितला, मेंढीच्या बघतात तसा, आणि तिचं तोंड उतरलं.

"पांढरीफटक झालीया. दवाखान्यात न्यायला पायजे, आत्ताच्या आत्ता." मग गंगम्माकडं वळली. "तुला सांगितलं तिनं?"

"तुमाला ठावं हुतं, आक्का?"

"दुसऱ्या म्हैन्यापास्नं ठावं हाय."

सोनालीनं डोळे उघडले. आत्या तिच्या उशाशी बसली होती. तिच्याकडं न बघता, हाताचं दूध पदराला पुसत ती बोलायला लागली.

"खरी पाळी तारीख बघून येत न्हाय, पोरी. दोन दिस मागं, चार दिस म्होरं. सात म्हैने बारा म्हंजी बाराच? ज्या बाईला येती ती असं करणार न्हाय. ज्या बाईला येत न्हाय तिलाच वाटतंय, तारीख सरळ पायजे." तिनं दुसरं मनगट पुसलं. "मी बी बसले की. मंगळवेढ्याकडं, सासरी. दोन वर्सं. तवा पॅड कुटली, कापडं वाळत घालायला लागायची आणि सासू ती बघायची. मेंढराच्या अंगावर खूण करायचा गेरू असतो न्हवं, तो मी कापडाला लावायची. लई दिस कुणाला कळलं न्हाय. पर रगत वाळलं की काळपटतं. गेरू लालच ऱ्हातो. सासूनं एक दिस कापड हुंगून बघितलं."

ही गोष्ट गंगम्मानंही कधी ऐकली नव्हती. बाहेर हॉलमध्ये जेवणाची ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

"मग मला का बोलला न्हाईत, आत्या?" सोनालीनं विचारलं.

"भ्याले," आत्या म्हणाली. "तुजं उघडं पाडलं तर माजं उघडं पडंल म्हणून भ्याले. रोज म्हणायची, उद्या सांगीन. सात म्हैने तूबी खोटं बसलीस आणि मीबी." तिनं घोंगडं पुन्हा सोनालीवर ओढलं. "आता सांगते, तवर तुज्यात रगत ऱ्हायलं न्हाय."

दाराबाहेर पुरुष जमले होते. कुमारला कुणीतरी बोलावलं होतं. तो मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन आला, बायकोकडं पाहिलं आणि तिथंच खिळला. बिराप्पाला आतलं थोडंफार ऐकू गेलं होतं, आणि थोडंफार त्याला पुरे होतं. विटाळातल्या बाईनं परात धरली, आधी देवापुढं दंड ठरू दे, टाकांना पुन्हा दूध घालू दे, मग काय दवाखाना करायचा तो करा, असं तो गुंडाला सांगत होता. त्यालाही भीतीच वाटत होती. त्याच्या वाड्यात सव्वाशे मेंढरं होती आणि निम्मी गाभण. गुंडा मान खाली घालून उभा होता. कुमार बापाकडं बघत होता.

आत्या दारात आली.

"बापाच्या तोंडाकडं बघू नगंस," ती कुमारला म्हणाली. "माजा नवरा बी असाच बापाच्या तोंडाकडं बघत हुबा हुता. चाळीस वर्सं झाली, आजून तसाच दिसतोय मला."

कुमारचा चेहरा कसनुसा झाला.

"आन बिराप्पा, तुजी कोकरं मी पुरली हुती, माज्या ह्या हातानं. जनावरांच्या डाक्टरनं काय सांगितलं ते तुज्यासमोरच सांगितलं. आवकाळी पाऊस पडून कवळं गवत आलं आन तू लस टोचली न्हवतीस. सुनेवर घातलंस, आन आमी समदे गप बसलो. मीबी." तिनं दम घेतला. "परात शेवटी माज्या हातात हुती. टाकलेल्या, वांझ बाईच्या हातात. कोप व्हायचा तर माज्यावर हुईल. दंड माज्यावर लाव. वाट सोड आता."

बिराप्पानं लगेच वाट सोडली असं नाही. तो गुंडाकडं बघत राहिला, आता तरी हा काही बोलेल म्हणून. गुंडाची मान खालीच राहिली. पण कुमारनं किल्ली खिशात टाकली, आत गेला, बायकोला घोंगड्यासकट उचललं आणि चुलत्याच्या अंगाला घासून बाहेर पडला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला रक्त लागलं. ते सगळ्या भावकीनं पाहिलं.

रिक्षात सोनालीचं डोकं गंगम्माच्या मांडीवर होतं आणि पाय आत्याच्या; कुमार पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. घोंगड्याला मेंढराचा, दुधाचा आणि आता रक्ताचा वास येत होता. सात रस्त्याला सिग्नल लागला. गंगम्मा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, की त्या गोळ्या मीच बंद पाडल्या. ती सोनालीच्या मानेमागच्या त्या काळ्या पट्ट्यावरून, जो तिनं वजरीनं घासून घासून सोलला होता, हात फिरवत राहिली.

दवाखान्यात आधी लघवी तपासली, दिवस गेलेले नाहीत ह्याची खात्री केली, मग सोनोग्राफी. डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि घाईत होत्या, पण बोलल्या स्पष्ट. बी सुटत नाही तेव्हा पाळी येत नाही, पण आत अस्तर साठत राहतं. सात महिन्यांचं साठलं आणि एकदम सुटलं. रक्त साडेसहावर आलंय, दोन बाटल्या चढवाव्या लागतील. आज रक्तस्राव थांबवायचा आणि अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

"तपासायला म्हंजी?" कुमारनं विचारलं.

"इतके महिने साठलेलं असलं की बघावं लागतं, त्यात काही वाईट नाही ना ते. बहुतेक नसेल. आठ दिवसांनी कळेल." मग पुढच्या गोष्टी: पुन्हा गोळ्या, चालणं, साखर तपासणं. त्यांनी गोळीचं नाव लिहिलं. गंगम्माला वाचता येत नव्हतं, पण तिनं विचारलं, की ह्या लेकरू न व्हायच्याच का. मॅडम म्हणाल्या, त्याच. पण हिची पाळी आधी रुळावर येऊ दे, मग लेकरासाठी वेगळ्या असतात. गंगम्मानं मान हलवली. तिला किती पटलं होतं कोण जाणे, पण "मीच देत जाईन हातानं," असं ती म्हणाली.

आठ दिवस. सोनालीच्या मनात तेवढाच शब्द राहिला. रक्ताची बाटली लावायच्या आधी सिस्टर कागद घेऊन पलंगापाशी आल्या. नाव, वय सव्वीस, लग्नाला किती वर्षं. त्यांच्या हातातलं पेन भरभर चाललं होतं.

"आजच्या आधीची पाळी कधी आली होती? तारीख सांगा."

"बारा," सोनाली म्हणाली. सवयीनं, पटकन, डोळे मिटलेले असतानाच. पेन चाललं. तिला ते कागदावर सरकताना ऐकू आलं, आणि तिच्या पायावर कुणाचा तरी हात पडला. खरबरीत, राकट, आत्याचा. तिनं डोळे उघडले.

"न्हाय," ती म्हणाली. "खोडा ते. जूनमध्ये आली होती. तारीख आठवत न्हाय."

सिस्टरनी खोडलं. कपाळाला आठी घालून पुन्हा लिहिलं. कुमार पलंगाच्या पायथ्याशी, गंगम्मा खिडकीशी, आत्या स्टुलावर.

"घरात आणखी कुणाला असा त्रास आहे? पाळी न येणं, केस गळणं, तोंडावर केस येणं? आई, बहीण, मावशी?"

सोनालीनं मान हलवली. आईला नव्हतं, बहीण नव्हती. सिस्टर पुढच्या रकान्याकडं वळल्या.

"मला हाय," आत्या म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी पदर मागं घेतला, मग आतलं फडकं सोडलं. कपाळापासून टाळूपर्यंत तिचं डोकं उघडं होतं, कडेला थोडे पांढरे केस. कुमारनं मान दुसरीकडं वळवली आणि मग, स्वतःच शरमून, परत तिच्याकडं वळवली.

"तुम्ही हिच्या कोण?"

"हिच्या नवऱ्याची आत्या."

"मग ते रक्ताचं नातं नाही, आजी. त्याचा उपयोग नाही इथं," सिस्टर म्हणाल्या, पण बोलण्यात तुटकपणा नव्हता.

"नसू दे," आत्या म्हणाली. "तरी लिव. तानाबाई. इसाव्या वर्सापास्नं. आजपत्तूर कुणी इचारलंच न्हाय."

सिस्टरनी पेन तसंच धरून ठेवलं. आत्या फडकं मांडीवर घेऊन, उघड्या डोक्यानं, उत्तराची वाट बघत बसली होती. सोनालीनं सुई टोचलेला हात नीट ठेवला आणि दुसरा तिच्याकडं सरकवला.

"लिहा की, सिस्टर," ती म्हणाली.